शिट्टी आणि प्रबंध

पहाटे पाचला कळमेश्वरच्या बाहेर पडून फेटरीच्या दिशेने चालू लागले की अंधारात आधी पावलांचा आवाज येतो आणि मग माणसे दिसतात. दहा-बारा मुले, पाच-सहा मुली. कोणाच्या पायांत चांगले बूट, तर कोणाच्या पायांत थोरल्या भावाचे उतरलेले. ही सारी पोलीस भरतीच्या तयारीला लागलेली मंडळी. कोणी संत्रा बागायतदाराचा मुलगा, कोणी औद्योगिक वसाहतीतील कामगाराची मुलगी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, त्याबरोबर १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. पन्नास गुणांची ही मैदानी परीक्षा कितीतरी घरांच्या पुढच्या तीस वर्षांचा निर्णय करून टाकते.

गेल्या हिवाळ्यात त्यांतला एक मुलगा पुलाच्या कठड्यावर पाय चोळत बसलेला दिसला. शेजारी आमच्या ओळखीचे एक तरुण प्राध्यापक उभे होते. तालुक्याच्या ठिकाणी तासिका तत्त्वावर शारीरिक शिक्षण शिकवतात आणि सकाळी या मुलांना विनामूल्य सराव देतात. मुलगा म्हणत होता, “सर, नडगी दुखून राहिली. पण थांबलो तर मागं पडीन.” सरांनी त्याला थांबायला सांगितले नाही आणि पळायलाही सांगितले नाही. खिशातून वही काढली आणि विचारू लागले : किती दिवसांपासून दुखते, गेल्या आठवड्यात किती फेऱ्या मारल्या, त्याआधीच्या आठवड्यात किती, डांबरी रस्त्यावर किती आणि मातीवर किती, बूट केव्हा घेतले. उत्तरे लिहून झाल्यावर त्यांनी त्याला तीन आठवडे धावणे बंद ठेवून सायकल चालवायला सांगितले.

मी विचारले, “अहो, हे त्याच्यासाठी लिहिता की प्रबंधासाठी?” कारण ते नागपूरला पीएच.डी. करीत आहेत, हे मला ठाऊक होते. ते हसले आणि म्हणाले, “काका, पहिलं वर्ष मीही या दोन वह्या वेगळ्या ठेवल्या होत्या. मग दोन्ही कोऱ्याच राहायला लागल्या.”

त्या उत्तराने हा लेख लिहायला प्रवृत्त केले. शारीरिक शिक्षण या विषयात संशोधन ते कसले, असा प्रश्न आपल्या मध्यमवर्गीय घरांतून सर्रास विचारला जातो. मुलगा भौतिकशास्त्रात पीएच.डी. करतो म्हटले की पेढे वाटले जातात, आणि ‘पी.टी.’मध्ये करतो म्हटले की पाहुणे एकमेकांकडे पाहतात. शिट्टी फुंकणे, फक्कीने मैदान आखणे आणि पंधरा ऑगस्टला संचलन बसवणे एवढेच ज्याचे काम, त्याने ग्रंथालयात बसून काय शोधायचे? या समजुतीत थोडे अज्ञान आहे आणि, प्रामाणिकपणे सांगायचे तर, थोडा दोष या क्षेत्रातील मंडळींचाही आहे. त्या दोषाकडे पुढे येऊच.

आधी एका मराठी माणसाची आठवण करून दिली पाहिजे. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ सालचा, डभोईचा. बडोद्याला प्रा. माणिकराव यांच्या आखाड्यात त्यांनी व्यायामाचे आणि देशी खेळांचे शिक्षण घेतले. पुढे अमळनेरला अध्यापन केले. नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजी यांच्याकडे योगाचे धडे घेतल्यावर त्यांच्यातील शिक्षकाला एक साधा प्रश्न पडला. आपण विद्यार्थ्याला उड्डियान आणि नौली शिकवतो, तेव्हा त्याच्या पोटात नेमके काय घडते? परंपरा सांगते म्हणून शिकवावे, की पाहून शिकवावे? त्यांनी पाहायचे ठरवले. १९२३-२४ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने या क्रियांची तपासणी केली आणि नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात वातावरणापेक्षा कमी दाब निर्माण होतो, हे मोजून दाखवले. या निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधामची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे संशोधनपर नियतकालिक सुरू झाले. हेच पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून प्रसिद्ध पावले.

या चरित्रातील एका गोष्टीकडे फारसे लक्ष जात नाही. कुवलयानंद हे प्रयोगशाळेतून वर्गाकडे आलेले नव्हते. ते वर्गातून प्रयोगशाळेकडे गेले होते. प्रश्न शिकवताना पडला आणि उत्तर पुन्हा शिकवण्यातच परत आले. मुंबई प्रांतातील शारीरिक शिक्षणाच्या आखणीत त्यांचा मोठा वाटा होता. शाळेतील हजारो मुलांना काय शिकवावे आणि काय शिकवू नये, हे सांगण्याचा अधिकार त्यांना त्या तपासणीमुळे लाभला होता. त्याच काळात बडोद्याच्या द. चिं. मुजुमदार यांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत सिद्ध केले. आपल्या विदर्भात तर १९१४ पासून अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे आहे. वैद्य बंधूंनी रोवलेल्या या रोपट्याचा संघ १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्ताने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आला. तेव्हा या विषयाला मराठी मुलखात परंपरा नाही असे कोणी म्हणू नये. परंपरा आहे, आणि ती आखाड्याची आहे तशीच मोजमापाचीही आहे.

बाहेरच्या जगातही याहून वेगळे घडलेले नाही. शरीराला श्रमाच्या वेळी जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरता येतो, या कल्पनेचा पाया ए. व्ही. हिल यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये घातला. ते मँचेस्टरला प्राध्यापक होते, आणि श्वास गोळा करण्याची पिशवी पाठीवर बांधून मैदानात पळणारा माणूस बहुधा ते स्वतःच असत. उष्णतेचा धोका मोजण्याची जी पद्धत आज सैन्यदलांत आणि क्रीडास्पर्धांत वापरतात, तिचा जन्म तर भरतीच्या मैदानावरच झाला. अमेरिकेत पॅरिस आयलंड येथील नौसैनिकांच्या प्रशिक्षण केंद्रात नवे जवान उन्हात कोसळत होते. तेव्हा १९५० च्या दशकात संशोधकांनी साधा तापमापक, ओल्या कापडाचा तापमापक आणि काळ्या गोळ्यातील तापमापक यांच्या नोंदी एकत्र करून एक निर्देशांक तयार केला. तो ठरावीक मर्यादेबाहेर गेला की कवायत बंद. प्रशिक्षण थांबले नाही, मरणे मात्र कमी झाले.

आता आपल्याकडे पाहू. २०१४ च्या जून महिन्यात मुंबईत पोलीस भरतीच्या वेळी पाच किलोमीटर धावताना काही उमेदवार कोसळले आणि प्राणास मुकले. घरून निघालेला धट्टाकट्टा मुलगा परत आलाच नाही. नंतर अंतर कमी करण्यात आले, वेळा बदलल्या गेल्या, आणि आज मुलांसाठी १६०० मीटर आहे. पण मूळ प्रश्न अंतराचा नव्हताच. उन्हाला शरीर सरावायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, त्या दिवसांत रोज थोडे थोडे श्रम वाढवावे लागतात, रात्रभर प्रवास करून उपाशीपोटी आलेल्या मुलाचे शरीर हा भार वेगळ्या पद्धतीने पेलते, ही माहिती गावोगावच्या मैदानांपर्यंत पोहोचलेली होती का? नागपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. या उन्हात कोणत्या वेळी किती धावावे, याचे कळमेश्वर-काटोलच्या मुलांसाठी उत्तर कोण देणार? पॅरिस आयलंडचे कोष्टक इथे जसेच्या तसे लावता येणार नाही. ते इथल्या मुलांवर, इथल्या मातीवर तपासून पाहावे लागेल. आणि ते काम दिल्लीहून पथक येऊन करणार नाही. जो माणूस वर्षाचे तीनशे दिवस त्या मैदानावर उभा असतो, तोच करू शकेल.

मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. याचा अर्थ असा की ८०० मीटरच्या रेषेवर उभ्या असलेल्या दोन मुलींपैकी एकीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्यच अपुरे असण्याचा संभव आहे. ती सहाशे मीटरला थांबते. प्रशिक्षक ओरडतो, मैत्रिणी पुढे निघून जातात, आणि आपल्यात जिद्द नाही अशी तिची स्वतःचीच खात्री पटते. आमच्या त्या प्राध्यापकांनी अशा एका मुलीला सराव वाढवून देण्याऐवजी आधी रक्त तपासून घ्यायला पाठवले. हे त्यांना सुचले, कारण त्याच महिन्यात ते मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून रक्तक्षय आणि सहनशक्ती यांच्या संबंधावरचे निबंध वाचत होते. वाचन रात्री झाले, उपयोग सकाळी झाला. संशोधन आणि अध्यापन एकाच माणसाने केल्याचा याहून रोकडा लाभ कोणता?

आता दोषाकडे वळतो. शारीरिक शिक्षणातील प्रबंधांची शीर्षके चाळली तर एकाच साच्यातून निघालेली कितीतरी सापडतात. अमुक खेळाचे खेळाडू आणि तमुक खेळाचे खेळाडू यांच्या शारीरिक क्षमतेचा तुलनात्मक अभ्यास. दोन महाविद्यालयांतून तीस-तीस खेळाडू घ्यायचे, एका दिवसात चाचण्या उरकायच्या, संगणकावर सरासरी काढायची आणि ‘लक्षणीय फरक आढळला’ असे लिहून मोकळे व्हायचे. त्या फरकाचे पुढे करायचे काय, हे ना खेळाडूला कळते ना प्रशिक्षकाला. चाचण्याही बहुधा परक्या. १९५८ साली अमेरिकेतील शाळकरी मुलांसाठी बनवलेली क्षमताचाचणी आपल्याकडे दशकानुदशके वापरली गेली, आणि तिथल्या मापाने इथली मुले कमी भरली की आपण हळहळलो. ज्या खो-खोत २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला झालेली पहिली विश्वचषक स्पर्धा भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी जिंकली आणि दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते, त्या खेळात पाठलाग करताना गुडघ्यावर किती भार पडतो, खुंटाला वळसा घालताना घोटा कसा वळतो, हे सांगणारे मराठी पुस्तक आपल्या प्रशिक्षकाच्या हाती आहे का? कबड्डीत आता चढाईला तीस सेकंदांची मर्यादा असते. पूर्वी एका दमात खेळत असत. ‘दम’ म्हणजे काय, याचा शोध कुवलयानंदांच्या मुलखात नाही तर कुठे घ्यायचा?

असे साचेबंद प्रबंध का निर्माण होतात, याचे उत्तर नियमांच्या इतिहासात सापडते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या नियमावलीत ठरवले होते की २०२१ च्या जुलैपासून विद्यापीठीय विभागांत सहायक प्राध्यापक व्हायचे तर पीएच.डी. हवीच. मग ती तारीख २०२३ वर ढकलली गेली, आणि अखेर २०२३ च्या ३० जूनच्या अधिसूचनेने नेट, सेट उत्तीर्ण असणे पुरेसे ठरले. बढतीच्या वरच्या पायऱ्यांवर मात्र पीएच.डी. लागतेच. दरम्यानच्या काळात ज्यांनी केवळ दार बंद होण्याच्या भीतीने नोंदणी केली, त्यांच्याकडून जिज्ञासेची अपेक्षा कशी करायची? शोधनिबंधाच्या सक्तीनेही हेच केले. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक इतके माजले की २०१८ च्या मे महिन्यात आयोगाला आपल्या मान्य यादीतून एकदम ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. २०२२ च्या नियमावलीने प्रबंधापूर्वी निबंध छापण्याची सक्ती काढून टाकली, हे माझ्या मते योग्यच झाले. ज्याला लिहायचे आहे तो लिहीलच.

आयोगाच्याच नियमांत एक गमतीची तरतूदही आहे. महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालकाच्या पदावर यायचे तर तीस वर्षांच्या आतील पुरुषाला बारा मिनिटांत १८०० मीटर अंतर धावत वा चालत कापून दाखवावे लागते. बारा मिनिटांची ही कसोटी केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये मांडली. त्यांच्या सूत्रात १८०० मीटर घातले तर दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण २९ मिलिलिटर प्राणवायू, एवढी क्षमता निघते. तरण्या पुरुषासाठी ही फार नाही. फेटरीच्या रस्त्यावर पळणाऱ्या पोरांना हा आकडा सांगितला तर ती तोंडावर हात ठेवून हसतील. तरीही अशी कसोटी असावी, या मताचा मी आहे. ज्याने कधी धाप अनुभवली नाही, त्याने धापेवर व्याख्यान देऊ नये.

याच २०२२ च्या नियमावलीतील दुसरी एक तरतूद मात्र गांभीर्याने घेण्याजोगी आहे. कोणत्याही विषयाच्या संशोधक विद्यार्थ्याला अध्यापनाचे आणि लेखनाचे प्रशिक्षण मिळाले पाहिजे, आणि त्याला आठवड्याला चार ते सहा तास शिकवण्याचे, प्रयोगशाळेचे वा मूल्यमापनाचे काम देता येईल, असे ती सांगते. म्हणजे संशोधन मुख्य, अध्यापन जोडीला. ज्याला कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळते, ज्याच्या हाती २०२३ पासूनच्या दराने महिन्याला ३७,००० रुपये पडतात, त्याच्यासाठी हे गणित जुळते. तालुक्याच्या गावातील तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाचे गणित नेमके उलटे आहे. त्याचे अध्यापन हेच पोट, तेही मोजलेल्या तासांचे आणि उन्हाळ्यात बंद पडणारे. आणि संशोधन जोडीला, स्वतःच्या खर्चाने, रात्री. अर्धवेळ पीएच.डी.ची सोय याच नियमावलीने दिली, ती चांगली. पण त्यासाठी नोकरी देणाऱ्याचे ना हरकत पत्र लागते, आणि ज्याची नेमणूकच दरवर्षी नव्याने होते त्याने ते कोणाच्या भरवशावर मागायचे? मैदानावरचे दोन तास त्याच्या वेळापत्रकात कामाचे तास म्हणून धरले जात नाहीत. वर्गातील फळ्यासमोरचा तास तेवढा धरला जातो. माझी मागणी साधी आहे : शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकाला मैदान हाच वर्ग आणि तीच प्रयोगशाळा आहे, हे मान्य करून तिथे घेतलेल्या नोंदींचा वेळ त्याच्या कार्यभारात धरावा. याला मोठे अनुदान लागत नाही. स्टॉपवॉच, मोजपट्टी, वजनकाटा, दोन तापमापक आणि एक शिस्तीत भरलेली वही एवढ्यावर तीन वर्षांचे उत्तम काम उभे राहते.

एका धोक्याचा उल्लेख केल्यावाचून मात्र पुढे जाता येणार नाही. शिक्षक हाच संशोधक झाला की विद्यार्थी त्याच्या हातातले साधन होण्याची भीती असते. सरांनी ‘पळ’ म्हटले की मुलगा पळतो. प्रयोगासाठी पळायचे नाही, असे सांगण्याची त्याची छाती होत नाही, कारण अंतर्गत गुणही सरांच्याच हाती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा अधिकाराच्या उतरंडीतील व्यक्तींचा वेगळा विचार केला आहे, तो याचसाठी. संमती लेखी हवी, नाकारण्याची मुभा खरी हवी, अठरा वर्षांखालील मुलासाठी पालकांची सही हवी. आमच्या प्राध्यापकांनी यावर एक उपाय काढला आहे. स्वतःच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना त्यांनी अभ्यासातून वगळले आणि केवळ पहाटेच्या भरतीच्या मुलांच्याच नोंदी घेतल्या. त्यांच्यावर सरांची कसलीही सत्ता नाही. ज्याला नको तो दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या रस्त्याने पळतो. दोन जण तसे गेलेही.

आणखी एक अपेक्षा आहे, ती विद्वानांना कदाचित रुचणार नाही. प्रबंध कोणत्याही भाषेत लिहा, पण त्याचे सार चार पानी मराठीत छापून तालुक्यातील प्रत्येक शाळेच्या क्रीडाशिक्षकाला द्या. मुजुमदारांनी दहा खंड मराठीत लिहिले तेव्हा पारिभाषिक शब्द तयार नव्हते. ते त्यांनी घडवले. आज शब्द आहेत, वाचक आहेत, तरी मौखिक परीक्षा झाली की ग्रंथ विद्यापीठाच्या कपाटात जातो.

नडगी दुखणाऱ्या त्या मुलाचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. तो तीन आठवडे सायकलवर होता आणि चौथ्या आठवड्यापासून शाळेच्या मैदानावरील मातीत एक दिवसाआड धावू लागला. आता ती सगळीच मुले निम्मे दिवस डांबरी रस्ता सोडून मैदानात असतात. दुखणी खरोखर कमी झाली की कसे, हे अजून सांगता येणार नाही, असे सर म्हणतात. अजून एक हिवाळा नोंदी घ्याव्या लागतील. परवा पहाटे भेटले तेव्हा त्यांच्या हातात वही नवी होती. जुनी भरली.